आईचे पाय की अप्पांचे?

२०२४ च्या जून महिन्यात, शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला असताना, एका सकाळी माझ्या यजमानांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून मला आपली नडगी दाखवली. तिच्यावर एक जुना, पिवळा पडत चाललेला डाग होता आणि दोन ताजे, निळसर. मी विचारले, “अहो, कुठे आपटलात?” ते म्हणाले, “आपटलो नाही, तू आपटतेस.” गेले काही महिने ते दोघांच्या मध्ये लोड ठेवून झोपत होते आणि मी समजत होते की त्यांची पाठ दुखते. आपल्याच शरीराचा हा रोजचा उद्योग दुसऱ्याच्या तोंडून कळावा, याचे मला त्या दिवशी हसू आले. पुढचे नऊ महिने मात्र ते टिकले नाही.

मी साताऱ्यात राहते आणि नववी-दहावीला भूगोल शिकवते. वय सेहेचाळीस. मागे वळून पाहिले तर खुणा बऱ्याच होत्या. सकाळी पलंगपोस पायथ्याशी गोळा झालेला असे. रात्री साडेसात तास झोपूनही चौथ्या तासिकेला खडू हातात धरून डोळे मिटू लागत. आणि संध्याकाळी वह्या तपासायला बसले की पोटऱ्यांच्या आत, अगदी हाडाच्या जवळ, कुणीतरी सोडावॉटर ओतल्यासारखे वाटे. ते दुखणे नव्हते, मुंग्याही नव्हत्या. पाय हलवल्याशिवाय राहवत नसे, एवढेच. उठून दोन फेऱ्या मारल्या की ते थांबे आणि बसले की पुन्हा सुरू होई. सासूबाई म्हणत, “बसल्या बसल्या पाय हलवू नये गं, लक्ष्मी जाते.” मी पाय दाबून धरून बसत असे आणि मग ते अधिकच वाढे.

भीतीचे खरे कारण वेगळे होते. माझे वडील, अप्पा, एसटीत चालक होते. निवृत्तीच्या सुमारास ते झोपेत ओरडू लागले, हात झटकू लागले, उजव्या पायाने पलंगाच्या पायथ्यावर जोरात दाबू लागले. आई हसून म्हणायची, “खंबाटकी घाट आला वाटतं, ब्रेक मारतायत.” आम्हीही हसायचो. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी, २०११ मध्ये, अप्पांना कंपवाताचे (पार्किन्सनचे) निदान झाले आणि २०१९ मध्ये ते गेले. झोपेतले ते ब्रेक आणि नंतरचा कंपवात यांचा संबंध असतो, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितले नव्हते. मी ते २०२४ च्या जुलैमध्ये, नडगीवरचे डाग पाहिल्यानंतर, रात्री मोबाइलवर वाचले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यामुळे निदान त्या रात्री तरी यजमानांची नडगी सुरक्षित राहिली.

उलट आईचे पाय. तिचे पाय “ओढतात” हे आम्हा भावंडांना लहानपणापासून ठाऊक होते. जुन्या नऊवारीची चार बोटे रुंद पट्टी फाडून ती दोन्ही पोटऱ्यांना घट्ट गुंडाळून झोपायची. ती पट्टी दिवसा उशीखाली असे. घरात दोन्ही बाजूंचे पाय होते आणि माझ्या वाट्याला कोणाचे आले आहेत, हा प्रश्न घेऊन मी दवाखान्यांच्या पायऱ्या चढू लागले.

पहिले दोन महिने फारसे सांगण्यासारखे नाहीत. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दोनशे रुपये घेऊन कॅल्शियम, बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, हिमोग्लोबिन तपासले, ते १२.३ निघाले, तेव्हा “रक्त चांगलं आहे” असे म्हणून त्यांनी विषय संपवला. हाडांच्या डॉक्टरांनी कमरेचा एक्स-रे काढला. फी आणि एक्स-रे मिळून अकराशे रुपये गेले आणि मणक्यात वयोमानाप्रमाणे थोडी झीज असल्याचे कळले. तिसऱ्या एका ठिकाणी झोपेची गोळी लिहून मिळाली. ती मी घेतली नाही, कारण झोप न लागणे ही माझी तक्रारच नव्हती. झोप लागल्यावर काय होते, ही होती. अडचण अशी की त्या “काय होते”ची साक्षीदार मी नव्हते आणि प्रत्येक डॉक्टर प्रश्न मलाच विचारत होते.

हे माझ्या अकरावीतल्या मुलीच्या लक्षात आले. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तिने स्टुलावर मोबाइल टेकवला, झिरोचा बल्ब लावला, माझ्या पायांवरची चादर काढली आणि चाळीस मिनिटांचे चित्रीकरण केले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे ते पाहायला बसलो. माझा डावा अंगठा सावकाश वर उचलला गेला, त्यामागोमाग पाऊल घोट्यातून नडगीकडे वळले, मग गुडघा किंचित दुमडला, क्षणभर तसाच राहिला आणि पाय सैल पडला. हे सगळे दोनेक सेकंदांत. मग काहीच नाही. मुलगी घड्याळ लावून बसली होती. चोवीस सेकंदांनी पुन्हा अंगठा वर. मग सव्वीस सेकंदांनी, मग तेवीस, मग पंचवीस. दर पाच-सहा वेळांनी एखादा झटका मोठा येई आणि त्यात पाय बाजूला फेकला जाई. माझा चेहरा मात्र शांत होता. आपलाच पाय असा कुणीतरी किल्ली दिल्यासारखा हलताना पाहणे फार विचित्र असते.

ज्यांना अशी शंका आहे त्यांनी डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एवढे एक काम जरूर करावे: चित्रीकरण पायांवर पांघरूण नसताना करावे, किमान अर्धा तास सलग करावे आणि किती वाजताचे आहे ते लिहून ठेवावे. वेळेला इतके महत्त्व का, हे मला पुढे कळले.

पुण्यातल्या एका न्यूरॉलॉजिस्टची वेळ मिळायला पाच आठवडे लागले. गणपती आले आणि गेले, पितृपंधरवडा सुरू झाला आणि २८ सप्टेंबरच्या शनिवारी मी किरकोळ रजा टाकून यजमानांबरोबर स्वारगेटची विनाथांबा एसटी पकडली. महिलांना अर्धे तिकीट असल्यामुळे पुण्याच्या या फेऱ्या परवडल्या, हेही नोंदवून ठेवते. तेव्हा साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा लागे आणि परत येताना घाट. त्या दिवशी दोन्ही वेळा अप्पांची आठवण झाली.

डॉक्टरांनी हजार रुपये फी घेतली आणि पस्तीस मिनिटे दिली. त्यांनी चित्रीकरण पाहिले, पण त्याआधी प्रश्न विचारले आणि ते माझ्याइतकेच यजमानांनाही विचारले. पाय झोप लागताना एकदाच दचकतो की नंतर रात्रभर? एकदाच दचकत असेल, तर तो झोपेच्या उंबरठ्यावरचा झटका असतो. पायरी चुकल्यासारखे वाटून जाग येते, तोच हा. तो बहुतेकांना कधी ना कधी येतो आणि त्यात आजार नसतो. जीभ चावली जाते का, अंथरुणात लघवी होते का, सकाळी अंग ठेचल्यासारखे दुखते का? हे प्रश्न अपस्मारासाठी होते. हातवारे, शिव्या, ओरडणे, पलंगावरून उडी? आणि लाथा रात्री किती वाजता बसतात?

यजमान म्हणाले, “साडेअकरा ते दोन. नंतर शांत असते.” डॉक्टरांनी मान डोलावली. ठरावीक अंतराने येणाऱ्या पायांच्या हालचाली रात्रीच्या पूर्वार्धात, स्वप्नांखेरीजच्या झोपेत अधिक असतात, असे त्यांनी सांगितले. स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबत जाते. त्या झोपेत मेंदूचा देठ एरवी शरीराचे बहुतेक स्नायू पूर्ण सैल करून ठेवतो, त्यामुळे स्वप्नात आपण धावलो तरी अंथरुणात पडूनच राहतो. हे सैल करणारे केंद्र बिघडले की माणूस स्वप्न अंगाने जगू लागतो. अप्पांचे ब्रेक हे तेच होते. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटामधील डॉक्टरांनी या विकाराचे पहिल्यांदा पद्धतशीर वर्णन केले. त्यानंतर रुग्णांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतल्यावर दिसून आले की त्यांच्यातल्या बहुतेकांना पुढे कंपवात किंवा त्याच्या जातकुळीतला एखादा आजार होतो. मी वाचलेले खरे होते.

“म्हणजे मला ते नाही?” मी विचारले. डॉक्टर उत्तर देण्याआधीच यजमानांनी सांगितले की जुलैमध्ये एकदा पहाटे माझा हात त्यांच्या तोंडावर बसला होता आणि मी काहीतरी ओरडले होते. हे त्यांनी मला तोवर सांगितले नव्हते. मला राग आला आणि तो पुण्याहून परत येईपर्यंत गेला नाही. डॉक्टरांनी मात्र ते शांतपणे लिहून घेतले. एरवी संध्याकाळची वळवळ, बसल्यावर वाढणे, चालल्यावर थांबणे आणि रात्री जास्त असणे या चार गोष्टींवरून “रेस्टलेस लेग्ज” या पायांच्या विकाराचे निदान नुसत्या बोलण्यावरून होते आणि अशा दहातल्या साधारण आठ जणांचे पाय झोपेतही ठरावीक अंतराने हलतात. त्यासाठी रात्रभराच्या तपासणीची गरज नसते. पण पहाटेचा तो हात आणि अप्पांचा इतिहास यांमुळे त्यांनी पॉलिसोम्नोग्राफी, म्हणजे झोपेची ती रात्रभराची तपासणी, लिहून दिली. मायग्रेनसाठी मी वर्षभर रात्री घेत असलेली अमिट्रिप्टिलिनची १० मिलिग्रॅमची गोळीही (ती मूळची नैराश्यावरची) त्यांनी अधोरेखित केली. नैराश्यावरच्या अनेक गोळ्या, काही मळमळीवरच्या आणि झोप आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्या पायांची ही वळवळ वाढवतात, असे ते म्हणाले. अमिट्रिप्टिलिन मनाने बंद न करता तपासणीपर्यंत चालू ठेवायला त्यांनी सांगितले.

चिठ्ठीवर रक्ताच्या पाच तपासण्याही लिहिल्या होत्या आणि त्यांत लोहाच्या साठ्याची, म्हणजे फेरिटिनची, तपासणी होती. इथे चूक माझी झाली. साताऱ्यातल्या प्रयोगशाळेत मी म्हणाले की हिमोग्लोबिन नुकतेच तपासले आहे, चांगले आहे, तेव्हा लोहाचे राहू द्या. फेरिटिनचे साडेसहाशे रुपये वाचवल्याचे समाधान घेऊन मी घरी आले. थायरॉइड, बी-१२, साखर आणि मूत्रपिंडाचे अहवाल ठीक आले.

पॉलिसोम्नोग्राफीसाठी चौकशी करताना दुसरी एक चूक होता होता राहिली. घरी येऊन यंत्र लावून जाणारी तपासणी साडेचार हजारांत मिळत होती आणि मी जवळजवळ होकार दिला होता. सहज विचारले, “पायाला काय लावता?” पलीकडून उत्तर आले, “पायाला काही नाही मॅडम, हे घोरण्यासाठी असतं.” घरच्या त्या तपासणीत श्वास, नाडी आणि प्राणवायू एवढेच मोजले जाते, मेंदूच्या लहरी आणि पायांचे स्नायू मोजले जात नाहीत. पायांसाठी रुग्णालयात जाऊन, तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली रात्रभर होणारी पूर्ण तपासणीच लागते आणि वेळ ठरवताना “दोन्ही पायांचे सेन्सर लावणार ना?” हे स्पष्ट विचारावे लागते. मला साडेबारा हजार रुपये सांगण्यात आले. दुसरीकडे कमी-अधिक असू शकतील.

विम्याचे म्हणाल, तर कुटुंबाची पॉलिसी असूनही एक रुपया मिळाला नाही. मी आधीच फोन करून विचारले, म्हणून निदान अर्ज-विनंत्यांत वेळ गेला नाही. केवळ तपासणीसाठी रुग्णालयात राहिल्यास तो खर्च देय नाही, अशी वगळणूक पॉलिसीत “एक्स्क्ल ०४” (Excl04) या क्रमांकाखाली छापलेली आहे आणि हा क्रमांक आपल्याकडच्या आरोग्य विम्यांत सारखाच असतो. ज्यांच्या पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्चाची वेगळी तरतूद आहे, त्यांनी मात्र जरूर विचारावे.

तपासणीची वेळ ९ नोव्हेंबर, शनिवार रात्र, अशी मिळाली. मधल्या काळात विधानसभेच्या निवडणुका जाहीर झाल्या आणि शाळेतल्या बहुतेकांप्रमाणे मलाही मतदान अधिकारी म्हणून आदेश आला. दुसरे प्रशिक्षण नेमके १० तारखेला, रविवारी सकाळी. निवडणुकीच्या कामातून सूट मागायची तर वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून अर्ज करायचा, मग त्याची छाननी होणार. मी प्रमाणपत्रावर काय लिहून मागणार होते? “झोपेत लाथा मारते” असे? मुख्याध्यापकांनी अर्ज पुढे पाठवण्याची तयारी दाखवली, पण टेबलापलीकडच्या लिपिकाचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मी तपासणीच पुढे ढकलली. २० नोव्हेंबरचे मतदान झाले, साहित्य जमा करून मध्यरात्री घरी आले आणि तपासणी ३० नोव्हेंबरला झाली. तीन आठवडे गेले. आज वाटते, अर्ज करायला हवा होता.

त्या रात्रीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण मला तिचीच सर्वांत जास्त धास्ती होती. केस धुऊन, तेल न लावता यायला सांगितले होते. दुपारनंतर चहा-कॉफी बंद, दुपारची झोप बंद. रात्री साडेआठला पोहोचले. खोली साध्या लॉजसारखी होती: पलंग, पंखा, कोपऱ्यात छताला कॅमेरा. तंत्रज्ञ मुलगी पंचविशीची होती. तिने मोजपट्टीने माझे डोके कपाळापासून मानेपर्यंत आणि कानापासून कानापर्यंत मापले, लाल पेन्सिलीने खुणा केल्या, प्रत्येक खुणेवरची त्वचा खरबरीत लेपाने घासली आणि पांढऱ्या चिकट पेस्टमध्ये बुडवलेली एकेक वायर बसवली. डोक्यावर, डोळ्यांच्या बाजूला, हनुवटीखाली, छातीवर. नाकाशी नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला चिमटा. हे सारे व्हायला पाऊण तास लागला. शेवटी ती खाली बसली, मला पाऊल वर ओढायला सांगितले आणि नडगीच्या बाहेरच्या अंगाला जो स्नायू टरारला, त्यावर दोन बोटांच्या अंतराने दोन सेन्सर लावले. यजमानांच्या नडगीवरचे डाग जवळपास त्याच जागी होते. मी तिला ते सांगितले तेव्हा ती म्हणाली, “इथे येणाऱ्या निम्म्या बायका नवऱ्याच्या घोरण्यासाठी येतात मॅडम. तुमचं उलटं आहे.”

दिवे मालवल्यावर पलीकडच्या खोलीतून तिचा आवाज येऊ लागला. डोळे मिटा. उघडा. डावीकडे पाहा, उजवीकडे पाहा. दात आवळा. डावा पाय ओढा, आता उजवा. यंत्राला प्रत्येक वायर ओळखीची करून द्यायची असते. त्यानंतर मला वाटले होते तसेच झाले: झोप येईना. पाऊण तासाने लागली असावी. मध्ये एकदा लघवीला उठले, तेव्हा आवाज दिल्यावर तिने येऊन वायरींचा अख्खा जुडगा एका डबीसकट माझ्या गळ्यात अडकवला. एकूण पाच तास दहा मिनिटे झोप झाली आणि तेवढी पुरते. पुढच्या वेळी जाणाऱ्यांनी काळजी करू नये, नव्या जागेत सगळ्यांनाच कमी झोप लागते आणि हे त्यांच्या हिशेबात असते. सकाळी सहाला उठवले. केसांतली पेस्ट कोमट पाण्याने आणि दोन वेळच्या शाम्पूने निघाली. परतीच्या गाडीत खंबाटकी चढताना मी गाढ झोपले होते आणि शेजारच्या आजींनी मला साताऱ्याला उठवले.

अहवाल आठवड्यात मिळेल असे सांगितले होते, तो ९ डिसेंबरला मिळाला. चार पाने. श्वास थांबण्याचा निर्देशांक ताशी ३.२, म्हणजे घोरण्याचा आजार नाही. प्राणवायू उत्तम. आणि पायांच्या हालचालींच्या रकान्यात एक आडवी रेघ. मी फोन केला, तर काउंटरवरून सांगण्यात आले की “नॉर्मल आहे, म्हणून रेघ.” दोन तास मी आनंदात होते. मग मुलीचे चित्रीकरण पुन्हा पाहिले आणि लक्षात आले की हे नॉर्मल असू शकत नाही. पुन्हा फोन, मग ई-मेल, मग ओळखीच्या एका विद्यार्थ्याला प्रत्यक्ष पाठवले. तेव्हा कळले की त्यांच्याकडे येणारे जवळजवळ सगळे रुग्ण घोरण्याचे असल्यामुळे पायांची मोजणी केलीच नव्हती. नोंद होती, पण तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाहत ती कुणी मोजली नव्हती. दिलगिरी वगैरे काही नाही. “करून देतो” एवढेच. सुधारित अहवाल १७ डिसेंबरला आला. तुमच्या हातात असा अहवाल पडला, तर पायांचा आकडा आणि स्वप्नांच्या झोपेतल्या स्नायूंबद्दलचे वाक्य, या दोन गोष्टी तिथल्या तिथे शोधा. नसतील तर पैसे पूर्ण दिलेले आहेत, हे लक्षात ठेवून मागा.

आकडा होता ताशी ४१. मोठ्या माणसांत ताशी १५ च्या वर गेला तर तो अधिक धरतात. मोजणीचा नियमही ठरलेला आहे: हालचाल अर्धा ते दहा सेकंदांची हवी, दोन हालचालींत पाच ते नव्वद सेकंदांचे अंतर हवे आणि अशा किमान चार ओळीने हव्यात. माझ्या मुलीने स्टुलावर बसून जे मोजले होते, ते या नियमात चपखल बसत होते. त्या ४१ पैकी १४ वेळा मेंदू क्षणभर जागा होत होता, मला पत्ता न लागता. चौथ्या तासिकेला मिटणाऱ्या डोळ्यांचा हिशेब इथे लागला. त्याच्या खालच्या ओळीत लिहिले होते की स्वप्नांच्या झोपेत स्नायूंचे सैल पडणे अबाधित आहे.

ती ओळ मी तीनदा वाचली. मग आईला फोन केला आणि म्हणाले, “आई, माझे पाय तुझे आहेत.” तिला काही कळले नाही. ती म्हणाली, “मग कोणाचे असणार?”

२१ डिसेंबरला डॉक्टरांनी अहवाल पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, “फेरिटिन कुठे आहे?” मी खरे ते सांगितले. ते रागावले नाहीत, पण साडेबारा हजारांच्या अहवालावर साडेसहाशेचे ते नाव त्यांनी पुन्हा एकदा लिहून दिले. सोमवारी सकाळी उपाशीपोटी रक्त दिले, संध्याकाळी आकडा आला: ११. हिमोग्लोबिन म्हणजे हातातली रोकड आणि फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक, असे डॉक्टरांनी फोनवर समजावले. माझी रोकड चालू होती, खाते रिकामे होते. दोन वर्षांपासून पाळी अनियमित आणि जास्त होत होती, तिकडे मी “वयच आहे” म्हणून दुर्लक्ष केले होते. सर्वसाधारण माणसाला चालणारा फेरिटिनचा आकडा या पायांना पुरत नाही. तो ७५ च्या खाली असेल तर लोह देण्याचा विचार करतात. प्रयोगशाळेच्या कागदावर मात्र त्यापेक्षा पुष्कळ खालच्या आकड्यासमोरही “नॉर्मल” छापलेले असते, म्हणून शेरा न वाचता आकडा वाचावा.

लोहाचा आणि पायांचा संबंध मला त्यांनी असा सांगितला. काटा टोचला की पाय आपोआप मागे खेचला जातो. अंगठा वर, घोटा वर, गुडघा दुमडलेला. ही हालचाल मज्जारज्जूत जन्मजात बसवलेली असते आणि मेंदू वरून लगाम धरून तिला आवरतो. ज्यांचा मज्जारज्जू अपघातात पूर्ण तुटला आहे, त्यांचेही पाय झोपेत असेच ठरावीक अंतराने हलताना आढळले आहेत. म्हणजे हालचाल तयार करणारी यंत्रणा खालीच आहे. लगामाच्या कामात डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा वाटा मोठा असावा असे मानतात आणि मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) लोह लागते. डोपामिन हा शब्द ऐकताच मी पुन्हा हबकले, कारण तो अप्पांच्या फाइलमध्ये पानोपानी होता. डॉक्टरांच्या ते लक्षात आले. ते म्हणाले, “तिथे डोपामिनच्या पेशीच मरत जातात, ताई. इथे पेशी जिवंत आहेत, त्यांना कच्चा माल मिळत नाही.”

उपचार माझ्यापुरते लिहिते. दुसऱ्याने ते उचलून करू नयेत, विशेषतः तपासल्याशिवाय लोह घेऊ नये. अमिट्रिप्टिलिन तीन आठवड्यांत कमी करत बंद केले. लोहाची गोळी दिवसाआड, सकाळी उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर आणि त्यानंतर दीड तास चहा नाही. सातारकर शिक्षिकेला यापेक्षा कडक शिक्षा नाही. बद्धकोष्ठ झाला, शौचाचा रंग काळा झाला, दोन्हींची पूर्वकल्पना दिलेली होती. रात्री गॅबापेंटिन ३०० मिलिग्रॅम. पहिले चार दिवस सकाळी तोल गेल्यासारखे वाटे, म्हणून मी दुचाकी सोडून शाळेत चालत गेले. डोपामिनसारखे काम करणाऱ्या गोळ्या त्यांनी मुद्दाम दिल्या नाहीत. सुरुवातीला त्यांनी जादूसारखा फरक पडतो, पण वर्षानुवर्षे घेतल्यावर पुष्कळांची वळवळ उलट वाढते, दुपारपासूनच सुरू होते आणि हातांपर्यंत पसरते, असे कारण त्यांनी दिले. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सोनोग्राफीत एक लहान गाठ निघाली आणि पाळीवर औषध सुरू झाले. खरे तर शिल्लक जात होती ती इथून.

फरक हळूहळू पडला. संक्रांतीपर्यंत संध्याकाळची वळवळ निम्म्यावर आली. फेब्रुवारीत गॅबापेंटिन असतानाही एक आठवडा वाईट गेला. सर्दीसाठी मेडिकलमधून मागून घेतलेली झोप आणणारी गोळी त्याला कारणीभूत होती, हे मागाहून लक्षात आले. मार्चमध्ये यजमानांनी लोड काढून दिवाणखान्यात नेला. २९ मार्च २०२५ ला फेरिटिन ४६ आले. ७५ अजून लांब आहे. जूनपर्यंत पोहोचले नाही, तर शिरेतून लोह द्यायचे की नाही ते ठरेल. मुलीने दुसऱ्यांदा चित्रीकरण केले, त्यात चाळीस मिनिटांत नऊ हालचाली होत्या. पहाटेच्या त्या एका ओरडण्याला अमिट्रिप्टिलिन जबाबदार असू शकते असे डॉक्टर म्हणतात, पण तशी घटना पुन्हा झाली तर तारीख लिहून ठेवायला सांगितले आहे. यजमानांना मी बजावले आहे की यापुढे लपवायचे नाही.

एप्रिलमध्ये आईला घेऊन प्रयोगशाळेत गेले. एकाहत्तर वर्षांत तिचे फेरिटिन कुणी तपासले नव्हते. ते १९ निघाले. या वयात लोह कमी असेल तर पोटातून रक्त जाते आहे का हे आधी पाहावे लागते, म्हणून पुढच्या सोमवारची फिजिशियनची वेळ घेतली आहे. रक्त देऊन आल्यावर ती आमच्याकडेच राहिली. रात्री मी अंथरूण घालत असताना तिने पिशवीतून नऊवारीची पट्टी काढली, एका पोटरीला गुंडाळली आणि दुसरी पट्टी माझ्यापुढे धरून म्हणाली, “तुला हवी का?”